‘जरी’ गाळलेले ‘तरीही’

पॉप संगीताला स्मरणशक्ती नसते, अशी साहित्याच्या अभ्यासकांची एक न उच्चारलेली समजूत असते. हे संगीत या क्षणाचे. उद्या दुसरे गाणे येते आणि कालचे विरून जाते. त्यातही सिंथेसायझर आणि ड्रम मशीन यांच्या आधाराने उभे राहणारे पॉप म्हणजे विस्मरणाचा कारखानाच. यंत्र दमत नाही, चुकत नाही, म्हणून त्याला आठवतही नाही, असे काहीसे आपण मनाशी धरून असतो. ही समजूत पुष्कळ अंशी खरी आहे. परंतु ‘पेट शॉप बॉइज’ या इंग्रज द्वयीच्या चाळीसहून अधिक वर्षांच्या वाटचालीकडे पाहिले, आणि विशेषतः २६ एप्रिल २०२४ रोजी प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘नन्‌दलेस’ हा अल्बम ऐकला, म्हणजे ती अपुरी वाटू लागते.

‘नन्‌दलेस’ म्हणजे ‘तरीही’. व्याकरणाच्या अंगाने पाहता हा अर्धा शब्द आहे. मराठीत ‘तरी’ म्हटले की त्याच्या आधी कोठेतरी ‘जरी’ असावे लागते. ते उच्चारले गेले नसले तरी ऐकणाऱ्याच्या मनात असावे लागते. या अल्बमच्या शीर्षकात ‘जरी’चे वाक्य गाळलेले आहे. ‘तरीही’ आपण गात आहोत, नाचत आहोत, जगत आहोत. पण ‘जरी’ काय? प्रस्तुत लेखात या गाळलेल्या वाक्याचा शोध घ्यावयाचा आहे. तो अल्बमच्या दहा गाण्यांत पुरता सापडत नाही. त्यासाठी लंडनच्या गेल्या पन्नास वर्षांच्या इतिहासात शिरावे लागते.

नील टेनंट आणि ख्रिस लो यांची पहिली भेट ऑगस्ट १९८१ मध्ये लंडनच्या किंग्ज रोडवरील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या एका दुकानात झाली. टेनंट तेव्हा सत्तावीस वर्षांचा, इंग्लंडच्या ईशान्येकडील न्यूकॅसल परिसरातून आलेला, इतिहासाचा पदवीधर. लो त्याहून पाच वर्षांनी लहान, ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या करमणुकीच्या गावचा, वास्तुकलेचा विद्यार्थी. पुढे टेनंट ‘स्मॅश हिट्स’ या पॉप संगीताच्या पाक्षिकात काम करू लागला. म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यांविषयी लिहिता लिहिता स्वतःची गाणी रचणारा हा माणूस आहे. समीक्षकाने सर्जनाकडे वळावे ही गोष्ट आपल्या वाङ्मयीन परंपरेत नवलाची नाही. पॉपमध्ये मात्र ती विरळा. आपल्या गाण्याकडे जरा दूर उभे राहून पाहण्याची जी सवय टेनंटच्या शब्दांत सर्वत्र जाणवते, तिचे मूळ बहुधा या पत्रकारितेत असावे.

‘वेस्ट एंड गर्ल्स’ हे त्यांना जगभर नेणारे गाणे. १९८४ मधील पहिली आवृत्ती फारशी चालली नाही. १९८५ मध्ये स्टीफन हेग या निर्मात्याने ते नव्याने ध्वनिमुद्रित केले आणि १९८६ मध्ये ते ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेले. या गाण्यातील अनेक आवाजांच्या तुकड्यांमागे टी. एस. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’ची प्रेरणा असल्याचे टेनंटने सांगितले आहे. शहराचा चेहरा एका निवेदकाच्या मुखातून न रंगवता इकडून तिकडून कानांवर पडणाऱ्या बोलण्यातून उभा करावयाचा, ही ती रीत. ‘द वेस्ट लँड’ शिकवणाऱ्या आपणा मंडळींना यात एक गंमत दिसेल. एलियटची ती महानगरीय जाणीव मराठीत मर्ढेकरांच्या ‘काही कविता’पर्यंत १९४७ साली पोचली होती, इंग्लंडच्या नाचघरांत ती पोचायला आणखी जवळजवळ चार दशके लागली. २०१८ मध्ये टेनंटच्या निवडक शंभर गीतांचे पुस्तक फेबर या प्रकाशनसंस्थेने काढले. एलियट स्वतः याच संस्थेत संचालक होता. वर्तुळ पूर्ण होणे वगैरे शब्द वापरण्याचा मोह येथे आवरता घेतो.

या गाण्यात बोलण्याच्या लयीत म्हटलेला जो भाग आहे त्यात लेनिनच्या १९१७ मधील स्वित्झर्लंड ते पेट्रोग्राड या प्रवासाचा ओझरता उल्लेख येतो. पॉप गाण्यात तो का, असा प्रश्न पडतो. इतिहास शिकलेल्या माणसाची ती सही आहे एवढेच तूर्त म्हणू.

पुढची दोन-तीन वर्षे अखंड यशाची. या काळाला टेनंटनेच पुढे ‘साम्राज्यकाळ’ अशा अर्थाचे नाव दिले, आणि आज संगीतसमीक्षेत ती एक रूढ संज्ञा होऊन बसली आहे. त्या यशाच्या तपशिलात शिरण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो टेनंटचा आवाज आणि त्या आवाजाखालचे यंत्र. आवाज पातळ, सौम्य, किंचित अनुनासिक. रडण्याच्या जागी रडत नाही, हसण्याच्या जागी हसत नाही. शेजारी लो टोपी आणि काळा चष्मा घालून, चेहऱ्यावरची रेषाही न हलवता उभा. समकालीनांनी याला अलिप्तपणा म्हटले, उपरोध म्हटले, कोणी बेपर्वाईही म्हटले. माझ्या मते तो संयम होता, आणि त्याला कारण होते.

ते कारण कायद्यात आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांमधील समलिंगी संबंध १९६७ मध्ये गुन्ह्याच्या कक्षेतून अंशतः बाहेर आले. तेही एकवीस वर्षांवरील व्यक्तींसाठी आणि खाजगीत असतील तरच. (याच साम्राज्याने १८६० च्या दंडसंहितेतून भारताला दिलेले कलम ३७७ प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते रद्द व्हायला आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ उजाडावे लागले, हे जाता जाता लक्षात ठेवावे.) १९८० च्या दशकात एड्सची साथ आली आणि वर्तमानपत्रांतून या समाजाविषयी जी भाषा वापरली गेली ती आज वाचवत नाही. १९८८ मध्ये तर ‘कलम २८’ आले. स्थानिक स्वराज्य संस्थांनी समलैंगिकतेला ‘प्रोत्साहन’ देऊ नये, असा त्याचा आशय होता. त्याचा खरा परिणाम शाळा आणि ग्रंथालये यांवर झाला. शिक्षक बोलेनासे झाले, पुस्तके मागवली जाईनात. इंग्लंडमध्ये हे कलम २००३ पर्यंत टिकले. टेनंटने आपल्या समलैंगिकतेविषयी जाहीरपणे सांगितले ते १९९४ मध्ये. तोपर्यंतची गाणी या मौनाच्या छायेत लिहिली गेली आहेत.

हे मौन इंग्रजी व्याकरणात किती सोयीने सामावते, हे मराठी भाषकाला चटकन जाणवते. त्या भाषेत ‘मी’ आणि ‘तू’ यांना लिंग नाही, आणि क्रियापदालाही नाही. टेनंटची जवळजवळ सगळी प्रेमगीते ‘मी’ आणि ‘तू’ यांच्यात घडतात. ‘तो’ किंवा ‘ती’ तेथे क्वचित येतात. ऐकणाऱ्याने आपापला अर्थ घ्यावा. यांतले कोणतेही गाणे मराठीत आणू पाहा. ‘तू येतोस’ की ‘तू येतेस’? ‘मी वाट पाहत राहिलो’ की ‘राहिले’? पहिल्याच ओळीत अनुवादकाला कबुली द्यावी लागते. ‘तू पत्र लिहिलेस’ अशा सकर्मक भूतकाळात थोडा आडोसा मिळतो. आणि मिळतो तो भविष्यकाळात. ‘तू येशील’ या वाक्यात येणारा कोण हे कळत नाही. कायद्याने ज्यांचे वर्तमान बेकायदा ठरवले त्यांना आपल्या भाषेत केवळ भविष्यकाळातच मोकळेपणाने प्रेम करता आले असते, असे म्हणावेसे वाटते. ही कल्पना मी ताणतो आहे याची जाणीव आहे. पण गीताच्या आशयाचा आणि व्याकरणाचा इतका निकटचा संबंध क्वचित दिसतो.

१९८७ च्या ‘इट्स अ सिन’मध्ये हा संयम एकदाच सुटलेला दिसतो. टेनंट कॅथलिक शाळेत शिकला. आयुष्यात जे जे केले ते पापच होते, अशी त्या गाण्याची तक्रार आहे. आणि शेवटी लॅटिनमधील पापनिवेदनाची प्रार्थना तो स्वतः पुटपुटतो. भोवती मेघगर्जना, घंटा, यंत्रांचा कल्लोळ. चित्रफीत डेरेक जार्मन या दिग्दर्शकाची. ब्रिटनमध्ये गाणे पहिल्या क्रमांकावर गेले तेव्हा अनेकांनी ते एक जोरकस नृत्यगीत म्हणून स्वीकारले. २०२१ मध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी १९८० च्या दशकातील एड्सच्या साथीवर दूरचित्रवाणी मालिका केली, आणि तिला नाव दिले ‘इट्स अ सिन’. चौतीस वर्षांत एक पॉप गाणे कालखंडाचे नाव झाले होते.

पण या सगळ्याचा गाभा, मला वाटते, १९९० च्या ‘बीइंग बोअरिंग’मध्ये आहे. ‘नन्‌दलेस’पर्यंत जाणारी वाट तेथूनच सुरू होते, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे.

त्या वर्षी ते म्यूनिकला हॅरल्ड फाल्टरमायर या निर्मात्याकडे गेले. फाल्टरमायरजवळ जुन्या अॅनलॉग सिंथेसायझरांचा मोठा संग्रह होता. १९८० च्या दशकात नमुनाध्वनी साठवणारी डिजिटल यंत्रे सर्वत्र झाली होती. त्यांतून निघणारा सूर लखलखीत आणि दर वेळी तंतोतंत तोच. जुन्या यंत्रांचे तसे नसते. त्यांतील विद्युत्-मंडले तापतात, सूर किंचित हलतो, त्याला एक प्रकारची ऊब असते. आठवणींचा अल्बम करताना त्यांनी स्मरणशक्तीवाली यंत्रे दूर सारून चुकणारी, डळमळणारी यंत्रे निवडली, हे सूचक आहे. तो अल्बम म्हणजे ‘बिहेवियर’.

‘बीइंग बोअरिंग’ हे त्यातले पहिले गाणे. टेनंटच्या तरुणपणी न्यूकॅसलमध्ये झालेल्या एका मेजवानीच्या आमंत्रणपत्रिकेवर झेल्डा फिट्झजेराल्डचे एक वाक्य छापलेले होते. १९२२ मधील तिच्या एका लेखातले ते वाक्य अशा मुलीविषयी आहे जी कधी कंटाळत नाही, कारण ती स्वतः कंटाळवाणी नाही. गाण्याला तीन कडवी आहेत आणि तीन काळ आहेत. पहिल्यात जुनी छायाचित्रे आणि आमंत्रणे हाती लागतात, त्यांतून १९२० चे दशक डोकावते. दुसऱ्यात १९७० च्या दशकातला तरुण घर सोडून, पाठीवर पिशवी टाकून, मनात धाकधूक घेऊन निघतो. तिसऱ्यात १९९० चे दशक उजाडले आहे. निवेदक होऊ पाहत होता तसा माणूस झाला आहे, पण ज्यांनी हे पाहायला हवे होते त्यांतले काही उरलेले नाहीत. टेनंटचा न्यूकॅसलपासूनचा एक जिवलग मित्र १९८९ मध्ये एड्सने गेला होता. त्याच्या अंत्यविधीवरचे ‘युअर फनी अंकल’ हे छोटे गाणे त्याच वर्षी एका तबकडीच्या मागच्या बाजूला, कोणाच्या फारशा नजरेत न भरेल असे आले होते.

आपल्या परिभाषेत ‘बीइंग बोअरिंग’ ही विलापिका आहे. पण विलापिकेत सामान्यतः मृताला संबोधन असते, त्याच्या गुणांचे कीर्तन असते, निसर्ग शोकात सामील होतो. येथे यातले काहीच नाही. रोगाचे नाव नाही, मृत्यू हा शब्द नाही. तिसऱ्या कडव्यात काही माणसे दिसत नाहीत, एवढेच. आणि धृपद दर वेळी जवळजवळ तेच येते: आपण कधी कंटाळवाणे नव्हतो, अशा अर्थाचे. पहिल्या कडव्यानंतर ते फुशारकीसारखे वाटते, दुसऱ्यानंतर आशेसारखे. तिसऱ्यानंतर तेच धृपद ऐकवत नाही. शब्द फारसे बदललेले नाहीत, त्यांच्या आधीचे आयुष्य बदलले आहे. धृपदाच्या पुनरावृत्तीचा इतका अर्थपूर्ण उपयोग आपल्या गीतकारांनाही अभ्यसनीय वाटावा. स्वतंत्र तबकडी म्हणून हे गाणे ब्रिटनमध्ये विसाव्या क्रमांकापर्यंतच गेले. साम्राज्यकाळाच्या हिशेबात ते अपयशच. आज मात्र त्यांचे सर्वश्रेष्ठ गाणे म्हणून बहुधा याचेच नाव घेतले जाते.

तीन वर्षांनी आलेले ‘गो वेस्ट’ वरवर पाहता याच्या अगदी उलट. मूळ गाणे अमेरिकेतील ‘व्हिलेज पीपल’ या गटाचे, १९७९ चे. पश्चिमेला, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोकडे जाऊ या, तेथे मोकळी हवा आहे, असे त्यातले स्वप्न. त्या स्वप्नाचे पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. साथीने ज्या शहरांना सर्वांत आधी गाठले त्यांत ते शहर होते. जार्मन स्वतः त्या विषाणूने ग्रासलेला होता. त्याच्या सांगण्यावरून १९९२ मध्ये मँचेस्टरच्या ‘हासिएंडा’ या क्लबमधील एड्स निधीच्या कार्यक्रमात या दोघांनी हे गाणे प्रथम सादर केले. मग १९९३ मध्ये पुरुषांच्या भरघोस समूहस्वरासह ते ध्वनिमुद्रित झाले. मूळ गाण्याचे शब्द फारसे न बदलता केवळ चौदा वर्षांच्या अंतराने ते शोकगीत होते. ज्यांनी ‘चला’ म्हटले त्यांतले कितीतरी आता नाहीत, हे त्या समूहस्वरात ऐकू येते. चित्रफितीत सोव्हिएत काळच्या प्रतिमा, लाल झेंडे, रांगेने चालणारे तरुण. सोव्हिएत संघ कोसळून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. म्हणजे एकाच वेळी दोन कोसळलेली स्वप्ने. आणि यावर लोक नाचले! पुढे फुटबॉलच्या मैदानांवरील प्रेक्षकांनी ही चाल उचलली, आणि आज ती गाणाऱ्या हजारोंना यातले काही माहीत असण्याचे कारण नाही. जार्मन फेब्रुवारी १९९४ मध्ये गेला.

१९९६ मध्ये एचआयव्हीवर एकत्रित औषधांचे उपचार सुरू झाले आणि ज्यांना ते मिळाले त्यांच्या बाबतीत मरणाची चाल मंदावली. त्याच वर्षीच्या ‘बायलिंग्वल’ या अल्बमात ‘द सर्व्हायव्हर्स’ नावाचे गाणे आहे. मराठीत ‘वाचणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत, आणि साहित्याच्या माणसाला ते दोन्ही येथे उपयोगी पडतात. जो वाचला, त्याच्याकडे आता वाचण्याचे काम येते: मागे राहिलेली पत्रे, छायाचित्रे, आमंत्रणे. ‘नन्‌दलेस’ हा अशा वाचलेल्या माणसाचा अल्बम आहे.

मधल्या वर्षांतील एक टप्पा सांगितला पाहिजे. २०१२ च्या ‘एलिझियम’मध्ये वार्धक्याचा विषय आला होता, ‘इनव्हिजिबल’ या गाण्यातील व्यक्ती भरल्या खोलीत कोणाच्या नजरेस पडत नाही. अल्बम सुंदर, पण थोडा थिजलेला. स्मरण आणि स्मरणरमणीयता यांतली सीमारेषा तेथे काही वेळा पुसट होते. पुढच्याच वर्षीच्या ‘इलेक्ट्रिक’मध्ये त्यांनी ती मरगळ झटकून टाकली. डेव्हिड लॉजच्या ‘नाइस वर्क’ या प्राध्यापकी कादंबरीतून उचललेल्या कल्पनेवर एक खट्याळ गाणेही त्यात आहे. इंग्रजी विभागातील वाचकांनी ते अवश्य ऐकावे.

आता २०२४. निर्माता जेम्स फोर्ड. त्यानेच त्याच्या आदल्या वर्षी ‘डेपेश मोड’ या दुसऱ्या जुन्या सिंथ-पॉप गटाचा ‘मेमेंटो मोरी’ घडवला होता. त्या गटातील अँडी फ्लेचर २०२२ मध्ये गेला, आणि त्या अल्बमवर मृत्यूची सावली उघडच पडली. ‘नन्‌दलेस’चा मार्ग वेगळा आहे. येथे खऱ्या वाद्यवृंदाची तंतुवाद्ये यंत्रांच्या जोडीला आहेत, आणि एकंदर सूर उजेडाचा आहे. सत्तरीला आलेला टेनंट येथे मृत्यूविषयी जवळजवळ बोलतच नाही. तो आरंभाविषयी बोलतो.

‘न्यू लंडन बॉय’ हे या दृष्टीने मध्यवर्ती गाणे. न्यूकॅसलहून लंडनला नुकताच आलेला मुलगा, नवे कपडे, नवे संगीत, नव्या ओळखी, आणि रस्त्यात मारायला टपलेले मुंडण केलेल्या तरुणांचे टोळके. टेनंट १९७२ मध्ये शिकायला लंडनला आला. ते वर्ष इतिहासाच्या विद्यार्थ्याने नीट पाहावे. लंडनमधील पहिला अधिकृत प्राइड मोर्चा १ जुलै १९७२ रोजी निघाला. डेव्हिड बोवीचा ‘झिगी स्टारडस्ट’ अल्बम त्याच्या दोनच आठवडे आधी आलेला. दारे उघडत होती असे आज आपण लिहितो. पण तो मुलगा १८ वर्षांचा होता, आणि १९६७ च्या कायद्याने सवलत दिली होती ती २१ वर्षांवरच्यांना. पुढची तीन वर्षे कायद्याच्या लेखी त्याचे प्रेम हा गुन्हाच ठरला असता. गाणे हे सांगत नाही. ते त्या मुलाच्या उत्साहाशी प्रामाणिक राहते, त्याला पुढचे काही माहीत नसते. मध्येच टेनंट बोलण्याच्या लयीत येतो आणि ‘वेस्ट एंड गर्ल्स’चा चाळीस वर्षांपूर्वीचा आवाज ऐकू येतो. सत्तर वर्षांचा माणूस, तिशीतल्या आपल्या आवाजात, अठरा वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगतो आहे. ‘बीइंग बोअरिंग’च्या दुसऱ्या कडव्यात पिशवी घेऊन निघालेला तरुण तो हाच. तेव्हा त्याला एक कडवे मिळाले होते. आता पूर्ण गाणे मिळाले. तिसरे कडवे येथे नाही. ते ऐकणाऱ्याने आठवावयाचे आहे.

‘डान्सिंग स्टार’ रुडॉल्फ नुरेयेव्हवर आहे. जून १९६१ मध्ये पॅरिसच्या ल बुर्जे विमानतळावर सोव्हिएत पथकाला सोडून त्याने पश्चिमेत आश्रय मागितला. ‘गो वेस्ट’च्या चित्रफितीतल्या विनोदाला येथे एक खरे माणूस मिळते. चाल १९८० च्या दशकातील नृत्यसंगीताची, हलकीफुलकी. नुरेयेव्ह एड्समुळे ६ जानेवारी १९९३ रोजी गेला. गाण्याचा झोत मात्र त्याच्या उडीवर, त्याच्या तेजावर आहे. पहिल्या ऐकण्यात हे गाणे मला उथळ वाटते की काय अशी शंका येत होती. परंतु ज्याचे मरण सर्वांना ठाऊक आहे त्याच्या आयुष्याचे नुसते गाणे गाणे, ही या अल्बमची रीतच आहे.

‘द श्लागर हिट परेड’कडे बहुतेकांनी विनोदी गाणे म्हणून पाहिले. श्लागर म्हणजे जर्मनीतील भावुक, गोड, सर्वांना सोबत टाळ्या वाजवायला लावणारी गाणी. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांना मोठा बहर आला. भूमध्य समुद्राचे ऊन, सुट्ट्या, ताटातूट, पुनर्भेट. टेनंटचे गाणे या प्रकाराची चाल घेऊन हसत हसत सुचवते की कडू भूतकाळाचा विषय येथे काढायचा नाही. ज्या देशाला १९४५ नंतर आठवण्यासारखे इतके होते त्याने अशा गोड गाण्यांवर माना डोलवाव्यात! आरंभी उल्लेखिलेली विस्मरणाची कामगिरी पॉप किती चोख बजावू शकते, ते येथे दिसते. अल्बमभर स्मरण चालू असताना मध्येच त्याची ही उलटी प्रतिमा ठेवणे मला मोठे मार्मिक वाटते. त्या मानाने एका आत्ममग्न सत्ताधीशाच्या अंगरक्षकावरचे ‘बुलेट फॉर नार्सिसस’ कल्पनेत चलाख आहे, पण गाणे म्हणून लवकर संपून जाते.

आणि ‘अ न्यू बोहेमिया’. माझ्या मते या अल्बममधले सर्वोत्तम गाणे. आरंभी मूकपटातील नटनट्यांची प्रतिमा आहे. साठीच्या दशकातील हॉलिवूडमध्ये ज्यांना कोणी ओळखत नव्हते अशी ती माणसे. निवेदक तसाच, तरुणांच्या नव्या वस्तीतून हिंडणारा. १९७० च्या दशकातील लॉस एंजेलिसमधल्या ‘ले प्तीत बॉनबॉन’ या विक्षिप्त कलावंतगटाचे नाव मध्येच येते. ते नाव आज किती जणांना सांगता येईल? ही माणसे कोठे गेली, त्यांच्या गाण्यांवर आता कोण नाचते, असे तो विचारतो. यातल्या कितीतरी माणसांचे नाव संग्रहालयांत नाही, पाठ्यपुस्तकांत नाही. ‘कलम २८’च्या काळात जी पिढी शाळेत होती तिला तर ती सांगितलीच गेली नाहीत, आणि ज्यांनी तोंडी सांगितले असते ते अकाली गेले. अशा वेळी पॉप गाण्यात एक नाव उच्चारणे म्हणजे दप्तरात नोंद करणे होते. तंतुवाद्यांचा हेलकावा रुंद, संथ. टेनंटचा आवाज आता किंचित खाली उतरलेला, कडांना झिजलेला. आणि तरीही निवेदकाला मागे जायचे नाही. त्याला नवा बोहेमिया हवा आहे, पत्ता विचारीत तो पुढे निघाला आहे.

अल्बम ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. ‘ड्रीमवर्ल्ड’ या नावाने २०२२ पासून चाललेल्या त्यांच्या मैफलींत सगळी लोकप्रिय गाणी होऊन गेल्यावर, लोक नाचून दमल्यावर, शेवटी ‘बीइंग बोअरिंग’ येत असे. १९९० मध्ये विसाव्या क्रमांकावर अडकलेले ते गाणे हजारो माणसे टेनंटबरोबर म्हणत. त्यांतल्या अनेकांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता.